तुला रस्ता न्हाई का रं?

गेल्या पावसाळ्यात मी एका बाईचा हात मोडला. सायकलने मोडला. फुटपाथवर मोडला. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे मी मोटारवाल्यांना शिव्या घालणार आहे, महापालिकेला घालणार आहे, आणि टाळ्या वाजवण्याआधी त्या कुणासाठी वाजवताय हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

संध्याकाळी सातची वेळ. छापखाना सुटला, संगम पूल ओलांडला, स्टेशनच्या बाजूने ताडीवाला रोडला घरी चाललो होतो. पाऊस. रस्त्याच्या कडेला गुडघाभर डबकं, म्हणून जरा मधून चालवत होतो. मागून हॉर्न. पुन्हा हॉर्न. मग काच खाली करून एक चेहरा बाहेर आला नि म्हणाला, "फुटपाथवर चालव ना! रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?"

मी काय केलं? मोर्चात घसा फाटेस्तोवर घोषणा देणारा मी, दर सहा डिसेंबरला दादरला जाऊन पुस्तकांचं ओझं पाठीवर आणणारा मी, निमूट सायकल उचलली नि फुटपाथवर चढवली. चढवली ती चढवली, वर राग काढायला जोरात पायडल मारलं. चाळीस पावलंही गेलो नसेन. समोरून कचरावेचक बाई, पाठीवर तिच्यापेक्षा मोठं पोतं. फुटपाथवर सायकल येईल असं तिला वाटलंच नव्हतं. का वाटावं? हॅन्डल पोत्यात अडकलं, ती हातावर पडली.

मी शिव्या ऐकायची तयारी केली. ती बसल्या जागी मनगट धरून माझ्याकडं बघत राहिली नि म्हणाली, "तुला रस्ता न्हाई का रं, लेकरा?"

सरकारी दवाखान्यात नेलं. प्लॅस्टर पडलं. सहा आठवडे. एका हाताने कचरा वेचता येत नाही, निवडता तर मुळीच येत नाही. मी दोन पगारांतून जमेल ते दिलं. तिची सहा आठवड्यांची रोजी काही त्यात भरली नाही. पण तिचा प्रश्न तसाच राहिलाय. तो मला लेखात, भाषणात, कुठंच टाळता येईना, म्हणून हे लिहितोय.

तुला रस्ता नाही का?

*

दोस्तांनो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. आपल्या बापजाद्यांना तो इतिहासभर विचारला गेलाय, फक्त उलट्या तोंडाने. रस्ता तुझा नाही, असं सांगून.

याच पुण्यात पेशवाईत अस्पृश्याच्या गळ्यात मडकं नि कमरेला झाडू होता. थुंकी रस्त्यावर पडू नये, पाऊल रस्त्यावर उमटलेलं राहू नये. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिसंस्थेच्या निर्मूलनावरच्या त्या न झालेल्या भाषणात हे लिहून ठेवलंय. याच पुण्यात १८४८ नंतर सावित्रीबाई शाळेत निघाल्या की रस्त्यावर शेण नि दगड यायचे. शिकवणं बंद पाडायला त्यांनी शाळेचं दार नाही अडवलं, आधी रस्ता अडवला. तिकडे केरळात वैकमला १९२४ मध्ये सत्याग्रह झाला, तो देवळात शिरायला नव्हता. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालायला होता. दीड वर्ष माणसं उन्हापावसात उभी राहिली, तेव्हा १९२५ मध्ये एक बाजू सोडून बाकीचे रस्ते उघडले.

आणि चाळीसगाव. १९२९. बाबासाहेब सरकारी समितीच्या कामावर. स्टेशनवरून वस्तीत न्यायला टांगा हवा. टांगेवाले म्हणाले, महाराला बसवून आम्ही हाकणार नाही. टांगा भाड्याने द्यायला तयार, हाकायला नाही. शेवटी वस्तीतला एक माणूस हाकायला बसला. त्याला हाकता येत नव्हतं. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले, पाय मोडला. ज्यांनी सन्मानाने न्यायचं ठरवलं होतं त्यांच्याच हातून. बाबासाहेबांनी स्वतः हा प्रसंग लिहिलाय. साधा टांगेवाला, स्वतः गरीब, मोलमजुरीचा माणूस, पण बॅरिस्टरपेक्षा स्वतःला वरचा समजत होता. का? तर त्याच्या खाली कुणीतरी होतं.

हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा. सगळा लेख त्याच्यावर उभा आहे.

*

आता सायकल. माझा बाप खडकीच्या कारखान्यात होता. काळी, बावीस इंची, कॅरिअरला डबा बांधलेली सायकल. हप्त्यावर घेतलेली. भोंगा व्हायच्या आत गेटवर. त्या काळी पुणं म्हणजे सायकलींचं शहर. पाळी सुटली की रस्त्यावर सायकलींचा लोंढा, मधे एखादी मोटार असली तर तीच बिचारी वाट बघायची. बाप सांगायचा, सायकल घेतली तेव्हा आज्जाने हळदकुंकू नाही लावलं, पंचशील म्हटलं. कारण काय? कुणा टांगेवाल्याची मनधरणी नाही. कुणा सावकाराच्या गाडीत मागं उभं राहणं नाही. आपलं बूड आपल्या सीटवर नि आपले पाय आपल्या पायडलवर. बिल्ला नसला तर दंड, दिवा नसला तर हवा सोडायचे, डबलसीट दिसलं तर पोलीस शिटी मारायचा. तरी पण रस्ता होता. सायकलवाल्याला रस्ता होता.

तो गेला कुठं?

रस्ता वितळला नाही. रस्ता तेवढाच आहे, उलट रुंदच झाला. पुणं वाढलं, बस वाढल्या नाहीत त्या मानाने, लोकांनी दुचाकी घेतल्या, मग चारचाकी घेतल्या. एक मोटार जिथं उभी राहते तिथं दहा सायकली उभ्या राहतात. हा हिशेब शाळेतल्या पोराला कळतो. पण शहराचा हिशेब करणारे सगळे मोटारीत बसून हिशेब करतात. परिणाम काय? सायकलवाला मधून कडेला, कडेवरून डबक्यात, डबक्यातून फुटपाथवर. आणि फुटपाथवर कोण? जो आधीच सगळ्यात कडेला ढकलला गेलाय तो. पायी चालणारा. म्हातारा. पोतं घेतलेली बाई. भाजीची पाटी. आंधळा. फुटपाथवर झोपणारा.

बाबासाहेबांनी जातीला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. नुसता वरचा नि खालचा असता तर खालच्यांनी एकत्र येऊन कधीच उलथून टाकलं असतं. पण इथं प्रत्येकाला वर घाबरायला कुणीतरी आहे नि खाली तुडवायला कुणीतरी आहे. म्हणून शिडी टिकते. आता आपला रस्ता बघा. डंपरला मोटार घाबरते. मोटारीला रिक्षा. रिक्षाला मोटारसायकल. मोटारसायकलीला सायकल. सायकलीला पायी माणूस. पायी माणूस फुटपाथवर बसलेल्या भाजीवालीच्या पाटीला लाथ मारतो. आणि सगळे मिळून म्हणतात, शिस्त नाही हो या शहराला!

मोटार म्हणजे ब्राह्मण आणि सायकल म्हणजे दलित असलं सोपं समीकरण मी मांडत नाहीये. तसं असतं तर बरं झालं असतं. मोटारी आता आपल्याही वस्तीत उभ्या आहेत, कर्जाने का होईना. मी शिडीचं बोलतोय. शिडीवर जो चढतो त्याला आधी खालच्या पायरीवरचा माणूस दिसेनासा होतो. मला ती बाई दिसली नव्हती. डोळे होते, पाऊस फार नव्हता, दिवे लागले होते. तरी दिसली नव्हती.

मरतात किती? २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली असं सरकारचाच अहवाल सांगतो. त्यात पायी चालणारे ३२ हजारांच्या वर. सायकलवाले ४,८०० च्या वर. मोटारसायकली-स्कूटरवाले ७४ हजारांच्या वर. म्हणजे दर तीन मेलेल्यांत दोघं या तळाच्या तीन पायऱ्यांवरचे. युद्धात एवढी माणसं मेली असती तर काळ्या पट्ट्या बांधल्या असत्या. इथं पेपरात चार ओळी येतात, त्यातही "अज्ञात वाहनाची धडक". वाहन अज्ञात आणि मेलेलाही अज्ञात.

*

मग महापालिकेने काही केलंच नाही का? केलं की. त्याचीच तर गंमत आहे.

२००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी आली, सोबत सायकल ट्रॅक आले. ज्याने चालवून बघितलेत त्याला विचारा. मधेच विजेचा डीपी, मधेच झाड, मधेच दुकानाची पायरी, मधेच उभ्या केलेल्या मोटारसायकलींची रांग, आणि चौक आला की ट्रॅक गायब. म्हणजे जिथं जीव जायची भीती सगळ्यात जास्त तिथंच ट्रॅक नाही. त्याच २००६ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी परिवहन धोरण आणलं. रस्ता गाड्यांसाठी नाही, माणसांसाठी, असं त्याचं सूत्र. कागद किती गोड बोलतो! डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, ८०० किलोमीटरांहून जास्त जाळ्याचा. कागदावर.

याच वेळी भाड्याच्या सायकली आल्या. मोबाईलवर टिचकी मारा, कुलूप उघडा. फोटो निघाले, फिती कापल्या. दोनेक वर्षांत कंपन्या गेल्या, मोडक्या सायकली कोपऱ्यात गंजल्या. मित्रांनो, सार्वजनिक सायकल ही कंपनीची कल्पना नव्हे. १९६५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये प्रोव्हो नावाच्या बंडखोर पोरांनी सायकली पांढऱ्या रंगवून बिनकुलुपाच्या रस्त्यावर ठेवल्या होत्या. घ्या, चालवा, ठेवून द्या, कुणाच्याच मालकीची नाही. पोलिसांनी त्या जप्त केल्या. बिनकुलुपाची सायकल म्हणजे चोरीला आमंत्रण म्हणे! पोरांच्या बंडाला कुलूप लावून भांडवलवाल्यांनी ते पन्नास वर्षांनी आपल्यालाच भाड्याने दिलं.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. जे ट्रॅक झाले ते कुठून काढले? मोटारीच्या लेनमधून? पार्किंगमधून? छे. कितीतरी ठिकाणी फुटपाथवरच रंगीत ठोकळे बसवले, सायकलचं चित्र काढलं, झाला ट्रॅक. पायी चालणाऱ्याच्या ताटातली अर्धी भाकरी काढून सायकलवाल्याच्या ताटात टाकली, नि मोटारीच्या ताटाला हातही लावला नाही. आता भांडा दोघं! सायकलवाला म्हणतो, आजोबा, हा ट्रॅक आहे, बाजूला व्हा. आजोबा काठी उगारतात, मेल्या, फुटपाथवर घंटी वाजवतोस? दोघंही खरे. दोघंही कागदाने बरोबर. आणि दोघं भांडत असताना बाजूने मोटार सुळकन निघून जाते, तिला तर ठाऊकही नाही की भांडण तिच्यामुळं लागलंय.

साली, हीच तर व्यवस्थेची कारागिरी. वाटा वाढवायचा नाही, वाटेकरी वाढवायचे.

*

आता थोडं आपल्या बाजूच्या लोकांविषयी. कडू लागेल.

एक, रविवारचे सायकलवाले. डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटणारे कपडे, माझ्या वर्षाच्या पगाराची सायकल. पहाटे सिंहगडाकडं. मी त्यांची टिंगल करणार नाही. डंपरखाली त्यांचीही हाडं तशीच मोडतात. सायकल ट्रॅक पाहिजे म्हणून निवेदनं देतात, तिथं मी त्यांच्यासोबत सही करीन. पण त्यांच्यातले काहीजण ज्या दिवशी म्हणतात की ट्रॅकवरचे फेरीवाले हटवा, त्या दिवशी आपली वाट वेगळी. फेरीवाल्याला कायदा आहे, २०१४ चा. त्याची गाडी उचलून नेतात, दंड घेतात, माल सडवतात. फुटपाथला खेटून फुकट उभी असलेली मोटार कोण उचलतं? २०१८ मध्ये महापालिकेने पार्किंगचं धोरण मंजूर केलं. रस्त्यावर गाडी उभी करायला पैसे लागणार म्हटल्यावर बोंबाबोंब झाली नि ते बासनात गेलं. म्हणजे चार फुटांवर पोट भरणारी बाई अतिक्रमण, आणि शंभर फूट अडवून घरात झोपलेला मालक नागरिक!

यांच्या निवेदनांत आणखी एक माणूस नसतो. पहाटे पाचला सायकलवर इडलीचा डबा घेऊन भोंपू वाजवणारा. रात्रपाळीचा वॉचमन. थापी-ओळंबा पिशवीत घालून बांधकामावर जाणारा मिस्त्री. सायकल त्यांची हौस नाही, त्यांना बसचं तिकीटही जड आहे. त्यांना कुणी सायकलपटू म्हणत नाही. ट्रॅक आखताना त्यांना कुणी विचारतही नाही की बाबा, तू जातोस कुठून?

दोन, आपली पोरं. चौदा एप्रिलला बुलेटला निळा झेंडा लावून, सायलेन्सर काढून फुटपाथवरून गाडी घालणारी आपली पोरं. ज्याने चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांचं केलं त्याच्या नावाने तू म्हातारीला फुटपाथवरून खाली उतरवतोस? रस्त्यावर मोटारीवाल्याशी भिडायची छाती नाही म्हणून फुटपाथवर मर्दुमकी? आणि तुला काय सांगू, मी तर साधी सायकल घेऊन तेच केलं. चाळीसगावचा टांगेवाला आपल्या प्रत्येकात बसलाय. खाली कुणीतरी सापडलं की तो लगाम हातात घेतो.

*

मग करायचं काय? मी पुढारी नाही, मागण्यांची यादी छापून देणारा नाही. पण चार गोष्टी मला पक्क्या कळल्यात.

पहिली. फुटपाथ सोडा. आज, आत्ता. कुणी हॉर्न वाजवू दे, शिवी देऊ दे. फुटपाथवर चढायचं असेल तर उतरून सायकल हातात धरून चालायचं. हातात सायकल धरली की तूही पायी माणूस. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मोकळा फुटपाथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. ती घटना कुणाच्या हाताखालून गेली हे मी तुम्हाला सांगायला नको. आपणच ती पायडलखाली घालायची?

दुसरी. रस्ता सोडू नका. सायकल चालवायला लायसन लागत नाही, रस्त्यावर तिचा हक्क मोटारीइतकाच. भीती वाटते ना? मलाही वाटते. एकट्याने वाटतेच. वैकमच्या रस्त्यावरही माणसं एकेकटी गेली नव्हती. छापखाना सुटल्यावर आम्ही आता पाचसहाजण मिळून निघतो. रांगेत, दिवे लावून, फुटपाथ सोडून. मागचा हॉर्न वाजवतो, पण सहा सायकलींना डबक्यात ढकलणं सोपं नसतं.

तिसरी. ट्रॅक मागायचा तर मोटारीच्या वाट्यातून मागायचा. पार्किंगमधून मागायचा. फुटपाथमधून फुटका ठोकळासुद्धा नको. फुटपाथवरचा ट्रॅक म्हणजे दुसऱ्या गरिबाच्या ताटातलं आहे, ते गिळू नका.

चौथी. हे कुणी प्रेमाने देणार नाही. आज सगळे हॉलंडच्या सायकलींचे फोटो दाखवतात, जशा काही त्या तिथल्या मातीतच उगवल्या. १९७१ मध्ये त्या चिमुकल्या देशात रस्त्यावर ३,३०० च्या आसपास माणसं मेली, त्यात ४०० च्या वर पोरं. तेव्हा आया रस्त्यावर आल्या. पोरांचे खून थांबवा, अशी त्यांची घोषणा होती, तेच चळवळीचं नाव. पोरं-बायका रस्ते अडवून बसल्या, सायकली रस्त्यावर आडव्या घातल्या. मग इंजिनिअरांना ट्रॅक सुचले! आधी माणसं रस्त्यावर आली, नकाशे मागून आले. पाणी काय, रस्ता काय, आपल्यालाही हे महाडनंतर नव्याने शिकायची गरज नव्हती.

*

ती बाई परत कामावर आलीय. मनगट थोडं वाकडं बसलंय, पोतं आता दुसऱ्या खांद्यावर घेते. मी रोज त्याच वाटेने जातो. ती दिसली की सायकलवरून उतरतो. पहिल्यांदा उतरलो तेव्हा तिला वाटलं पैसे द्यायला थांबलो. म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता." मी म्हटलं, मावशी, पैसे नाही आणले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. तिला प्रश्न आठवतच नव्हता. तिच्यासाठी तो प्रश्न नव्हताच. तिला खरंच वाटलं होतं की या पोराला रस्ता असेल, मग हा इथं कशाला?

रस्ता आहे, मावशी. आमचाही आहे, तुमचाही आहे. आम्ही मागायला विसरलो, आणि तुमच्या अंगावर आलो.

हे वाचणाऱ्या प्रत्येकाला सांगणं एवढंच. पुढच्या रविवारी संध्याकाळी आम्ही स्टेशनच्या बाजूला जमतोय. सायकल असेल तर सायकल आणा. नसेल तर पायी या. मोटारसायकलवर येणार असाल तर या, पण ती फुटपाथवर लावू नका.

जय भीम!